टो-बारचा क्रमांक वाचून आम्हाला अंगणाबाहेर सोडण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य अभियंता,
वाहन तपासणी केंद्र, बोर्गोसाल्व्हो
(दुसरा मजला, अंगणाकडील खोली)

अर्जदार : एर्मेस व्हेन्तुरोली, निवृत्त पोस्टमन
सध्याचा मुक्काम : आपल्याच केंद्राचे अंगण, चिनाराखाली

विषय : मोटारहोमला बसवलेल्या टो-बारचा मान्यता क्रमांक प्रत्यक्ष येऊन वाचणे व गाडीचे नोंदणीपत्र परत देणे.

संदर्भ : १) अर्जदाराचे यापूर्वीचे सर्व अर्ज. २) आपली नोटीस, जी अर्जदारास मिळाली नाही.

महोदय,

प्रारंभीच क्षमा मागतो की हा अर्ज रीतसर खिडकीतून आलेला नाही. खिडकीवर सांगण्यात आले की अर्जदाराचे प्रकरण निकाली निघाले असून, ज्याचे प्रकरणच नाही त्याचा कागद घेता येत नाही. सबब तो आपल्या सकाळच्या कॉफीच्या बशीखाली ठेवून पाठवत आहे. बशी आणणाऱ्यास कृपया रागावू नये.

१. अर्जदाराची पत्नी निवेस हिला गुडघ्यांमुळे चालता येत नाही. घरात ती भिंतीला धरून चार पावले टाकते, तेवढेच. आमचे घर चौथ्या मजल्यावर असून इमारतीस लिफ्ट नाही. अर्जदार रोज टपाल वाटत गावभर हिंडत असे आणि निवेस स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरचे छप्पर व त्यावरची कबुतरे पाहत असे. अशी कित्येक वर्षे गेली. निवृत्तीनंतर अर्जदाराने वडिलोपार्जित जमिनीचा तुकडा विकून ही जुनी मोटारहोम, म्हणजे चाकांवरचे घर, घेतली, ती केवळ या एका कारणासाठी. निघण्याच्या सकाळी शेजाऱ्यांनी निवेसला स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवून चार जिने उतरवले. शेवटच्या पायरीवर तिने जे म्हटले ते जसेच्या तसे देतो : "एर्मेस, आता मी परत वर जायची नाही. मला आर्मिदाकडे घेऊन चल."

२. आर्मिदा ही निवेसची थोरली बहीण. पोर्तो लुमे येथे समुद्रालगतच्या ज्या घरात दोघी जन्मल्या, त्याच घरात ती आजही एकटी राहते. घरापासून पाण्यापर्यंत वाळूतून लाकडी फळ्यांची वाट आहे. त्या वाटेने जाण्यासाठी निवेसकडे बॅटरीवर चालणारी तीनचाकी आहे, परंतु ती अवजड असल्याने मोटारहोमच्या दारातून आत जात नाही. तिला लहानसा ट्रेलर हवा, आणि ट्रेलर ओढायला टो-बार हवा. इतकी साधी ही गोष्ट होती.

३. टो-बार फाउस्तो मेकॅनिकने बसवला. महोदय जाणतातच की अशा गाड्यांची चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, मागच्या भिंतीपर्यंत पोचत नाही. तिला आधी लोखंडी पट्ट्या जोडून लांब करावे लागते आणि मग त्यावर आडवा दांडा व ट्रेलर अडकवण्याचा गोळा बसतो. फाउस्तोने काम चोख केले. थोडे अंतर चालवून बोल्ट पुन्हा आवळून दिले, ट्रेलरच्या दिव्यांसाठी वायर ओढून दिली, आणि निघताना बजावले की लोखंड समुद्राकाठी जाणार आहे, गंज चढू देऊ नका. आपल्या केंद्राची तपासणीची तारीख वसंतातली मिळाली. मधला सगळा हिवाळा अर्जदारापाशी दुसरे काम नव्हते. आपल्याकडे समुद्रावर जाणारा प्रत्येक मोटारहोमवाला हिवाळ्यात जे करतो तेच अर्जदाराने केले : गोळ्याला ग्रीस लावले, त्यावर अर्धा कापलेला टेनिसचा चेंडू टोपीसारखा बसवला, आणि दांड्याला गंजरोधक काळा रंग दिला. एक हात देऊन भागले असते. अर्जदाराने हौसेने तीन हात दिले आणि कोपरान् कोपरा रंगवला. त्यात दांड्यावरची ती लहान पट्टीही रंगली, जिच्यावर मान्यता क्रमांक ठोकलेला असतो.

४. तपासणीच्या दिवशी, येथून थेट समुद्राकडे जायचे म्हणून निवेसला घेऊनच आलो असता, आपल्या निरीक्षकांनी टो-बारची प्रशंसा केली. इतका स्वच्छ दांडा पाहिला नाही, असे ते म्हणाले. नंतर त्यांनी क्रमांक विचारला. तो रंगाखाली होता. फाउस्तोच्या दाखल्यावर तो लिहिलेला आहे, पण दाखला दांड्याशी ताडून पाहिल्याशिवाय चालत नाही. अर्जदाराने खिशातला चाकू काढला, तेव्हा त्यास थांबवण्यात आले. पट्टी मालकाने खरवडणे म्हणजे खुणेत ढवळाढवळ. रंग ज्याने टो-बार बसवला त्यानेच काढावा. ठीक. परंतु फाउस्तोकडे जायचे तर गाडी रस्त्यावर न्यावी लागते, रस्त्यावर न्यायला नोंदणीपत्र लागते, आणि ते टो-बारची नोंद करण्यासाठी आपण त्याच सकाळी जमा करून घेतले होते. फाउस्तो स्वतः हत्यारे घेऊन आला, तर बाहेरच्या मेकॅनिकला अंगणात हत्यार चालवण्यास मनाई निघाली. टो-बार काढूनच टाकतो म्हटले, तर काढणे हाही गाडीतील बदल ठरला व त्यालाही तपासणी लागते. प्रत्येक जण अर्जदाराशी अत्यंत सौजन्याने बोलला, हे मुद्दाम नमूद करतो. कोणीतरी एकदा खेकसले असते तर बरे वाटले असते.

५. तेव्हापासून आम्ही येथे आहोत. आलो तेव्हा चिनाराला पालवी फुटत होती. आता त्याच पानांचा सडा छपरावर पडतो. पाणी गाड्या धुण्याच्या नळावरून आणतो. संध्याकाळी कार्यालय सुटले की फाटकाला कुलूप लागते आणि आम्ही आत राहतो. गाडी सोडून कोठे जावे तर ती बेवारस समजून त्याच टो-बारला साखळी लावून ओढून नेली जाईल, असे तोंडी समजले. जो टो-बार काही ओढण्यास अमान्य आहे तो ओढला जाण्यास मान्य आहे, हे अर्जदाराच्या अल्पबुद्धीस उमगले नाही. निवेसला एकटीला टॅक्सीने पाठवण्याचाही विचार केला. तिची तीनचाकी कोणी टॅक्सीवाला घेत नाही, आणि तिच्याशिवाय समुद्राजवळ जाऊन पुन्हा एखाद्या खिडकीतच बसायचे, याला निवेस तयार नाही. एका कर्मचाऱ्याने, ज्याचे नाव अर्जदार देणार नाही परंतु ज्याच्यापाशी फाटकाची चावी असते, एके दिवशी म्हटले, "व्हेन्तुरोली, माझ्या हातात असतं तर फाटक केव्हाच उघडलं असतं रे. पण माझ्याकडं नुसती चावी आहे."

६. आपल्या अंगणात वाहनचालक परवान्याच्या परीक्षा होतात. परीक्षकांनी आमच्या गाडीला अडथळा म्हणून वापरण्यास सुरुवात केली. उमेदवाराने तिला वळसा घालून मागे घ्यायचे. त्यास हरकत नाही. परंतु निवेस खिडकीतून उमेदवारांना हाताने डावे-उजवे दाखवते, अशी लेखी तक्रार अर्जदाराविरुद्ध आली. ही तक्रार खरी आहे. तिने समजावूनही ऐकले नाही. तिचे म्हणणे असे की निदान हे लोक तरी इथून बाहेर पडू देत.

७. आता नोटिशीविषयी. खुणेच्या प्रश्नावर अर्जदाराने हजर राहावे अशी नोटीस आपण काढली व ती आमच्या चौथ्या मजल्यावरील पत्त्यावर पाठवली. ते घर बंद आहे, कारण त्यात राहणारी माणसे आपल्या अंगणात आहेत. नोटीस परत आली, 'पत्त्यावर आढळला नाही' असा शेरा पडला, आणि प्रकरण निकाली निघून नोंदणीपत्रासह दप्तरखान्यात गेले. अर्जदाराने उभी हयात टपाल वाटले आहे. माणूस दारात भेटला नाही तर खाली न्हाव्याच्या दुकानात विचारायचे, हे आम्हाला कोणी शिकवावे लागले नाही. त्या दिवशी आपल्या कोणत्याही खिडकीतून अर्जदार दोरीवर चादर वाळत घालताना दिसला असता. दप्तर पुन्हा उघडण्यासाठी राहत्या पत्त्यावरून अर्ज हवा, म्हणून अर्जदार पत्ता बदलण्यास नगरपालिकेत गेला. तेथे सांगण्यात आले की सरकारी अंगणात कोणी राहत नसते.

८. येथपर्यंत सर्व सहन केले असते. परंतु आर्मिदाचा मुलगा सर्व संतांच्या सणानंतर, म्हणजे नोव्हेंबर लागताच, तिला आपल्याकडे मिलानला नेणार असून समुद्राकाठचे घर बंद होणार आहे. त्यानंतर पोर्तो लुमेला आमच्यासाठी कोणी दार उघडणार नाही. दर रविवारी आर्मिदा माशांचा रस्सा शिजवते, दोन बशा मांडते आणि फोन करते. गेल्या रविवारी ती निवेसला म्हणाली, "तू काय तुरुंगात आहेस का गं? अगं, तुरुंगातल्या माणसाला सुटकेची तारीख तरी सांगतात." निवेसने फोन ठेवला आणि सोमवारी दिवसभर कोणाला डावे-उजवे दाखवले नाही. अर्जदारास तेव्हा फार भीती वाटली. तिला चौथ्या मजल्यावरून सोडवून अर्जदाराने तळमजल्यावर कोंडले, एवढेच काय ते झाले आहे.

९. आज सकाळी अर्जदार पाव आणण्यास गेला होता. परत आला तेव्हा गाडीत निवेस नव्हती. ती मागच्या बाजूस जमिनीवर, पानांत बसलेली होती. जी बाई भिंतीशिवाय चार पावले टाकत नाही, ती दाराच्या पायऱ्या उतरून, गाडीला धरत धरत टो-बारपर्यंत आली होती. केसांतली पिन घेऊन तिने पट्टीवरचा रंग खरवडला होता, तिन्ही हात. बोटे काळी झाली होती. अर्जदाराने दाखला आणून धरला आणि तिने क्रमांक मोठ्याने वाचला. त्यातला एकूण एक अंक जुळतो.

हे खुणेत ढवळाढवळ करणे आहे हे अर्जदारास मान्य आहे. दोष लावायचा तर अर्जदारास लावावा. रंग त्याने दिला होता.

१०. निवेस अजून तेथेच बसलेली आहे. थंडी आहे. अर्जदाराने तिच्या खांद्यावर घोंगडी घातली व उठण्याची विनवणी केली. तिने सांगितले ते असे : "त्यांना म्हणावं, मी क्रमांक धरून बसले आहे. खाली या आणि वाचा. तोवर मी उठायची नाही." तिला एकट्याने उचलण्याची ताकद आता अर्जदारात राहिलेली नाही. म्हणजे, महोदय, माझ्यात नाही. आणि ती असती तरी मी आज तिला उचलले नसते.

तरी विनंती की, उत्तर टपालाने पाठवू नये. दप्तर उघडणे नियमात बसत नसल्यास आपण फक्त आपली खिडकी उघडावी आणि खाली पाहावे. निळा स्वेटर, अंगावर घोंगडी, पाठीशी पांढरी गाडी. आपण वरून जे बोलाल ते आम्हाला येथे स्पष्ट ऐकू येईल.

आपल्याच खिडकीखालून,
आपला नम्र,
एर्मेस व्हेन्तुरोली

बोर्गोसाल्व्हो, ऑक्टोबरअखेर, कार्यालय उघडल्यानंतर

सोबत :
१) फाउस्तो मेकॅनिकचा दाखला.
२) खरवडलेल्या काळ्या रंगाचे पापुद्रे, पावाच्या कागदात गुंडाळून.