पान एकवीसवरची चूक

रविवार, ९ सप्टेंबर

ती. काकू,

सप्रेम नमस्कार. गुडघा कसा आहे? औषध घेत नसाल तर मला सांगूही नका, उगाच राग येतो. इकडे सगळे ठीक. बायको म्हणते, माझं वजन वाढलंय. तो विषय पुढे येईलच.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "यंदा मुलांचं एकही पत्र नाही रे. विसरली वाटतं सरांना." मी म्हणालो, हल्ली पत्रं लिहितं कोण. काकू, मी खोटं बोललो.

सरांना जाऊन अकरा वर्षं झाली. पहिल्या वर्षाला पदार्थविज्ञान मी शिकवतो आणि मुलं मांडीवर सरांचं पुस्तक उघडून बसतात. मी फळ्यापाशी घसा कोरडा करतोय आणि मागे कोणीतरी सरांचं वाक्य वाचून खुदकन हसतंय. एक मुलगी म्हणाली, "सर, तुम्ही छान शिकवता, पण ते कसे समोर बसून बोलल्यासारखे वाटतात." अगं, समोर मी आहे ना! जळफळाट झाला नुसता. जिवंत माणसाशी निदान भांडता तरी येतं.

म्हणून गेल्या वर्षी नवी आवृत्ती तपासायला तुम्ही विश्वासाने माझ्याकडे दिलीत, तेव्हा मी पान एकवीस दुरुस्त केलं. लिफ्ट वर निघताना वजनकाटा कमी वजन दाखवतो, असं सरांनी तिथे लिहिलं होतं. मुद्दाम चुकीचं. दरवर्षी चार-दोन पोरं घरचा काटा घेऊन लिफ्टमध्ये उभी राहायची आणि सरांना कळवायची, तुम्ही चुकलात. सर उलट कार्ड टाकायचे, एकाच ओळीचं: "स्वतः मोजलंस ना? मग तुझंच खरं." त्यांच्यामागे ती ओळ तुम्ही लिहीत आलात. हे सगळं मला पक्कं ठाऊक होतं, तरी मी "कमी" खोडून "जास्त" केलं. मोजायला काही उरलंच नाही, मग पत्रं कुठून येणार?

खरं सांगू? मला ते कार्ड कधी मिळालं नाही. मी ते वाक्य पाठ केलं आणि परीक्षेत जसंच्या तसं उतरवलं. माझ्या बाकावरच्या ढब्बूला मिळालं. तो आज चपला विकतो, पण दुकानात ते कार्ड फ्रेम करून लावलंय. मी तिथून चपला घेत नाही.

तुमच्या फोननंतर झोप लागेना. काल दुपारी काटा काखोटीला मारून आमच्या लिफ्टमध्ये शिरलो. शेजारच्या आजी म्हणाल्या, "घरात खोटं सांगतो का हा काटा?" बटण दाबलं. बहात्तरवरचा काटा टुणकन अठ्ठ्याहत्तरवर गेला आणि परत आला. तीस वर्षं हा नियम शिकवतोय, पण पाहिला काल. मग आजींनाही उभं केलं. त्यांनी दोनदा मोजलं.

छापखान्याला कळवलंय, पुढच्या खेपेला जुनं वाक्यच छापा. हे काम माझ्याकडून काढून घेतलंत तरी माझी तक्रार नाही. फक्त खालचं तेवढं सरांच्या पत्रांत ठेवा. रागावला असाल तर कार्ड कोरंच पाठवा, पण पाठवा.

सर,
पान एकवीसवर तुमचं चुकलंय. लिफ्ट वर निघताना वजन जास्त दिसतं. मी स्वतः मोजलं.

आपला विद्यार्थी,
पहिलं वर्ष, तिसरा बाक, ढब्बूच्या शेजारचा