ताप आला त कोनाले पुसू

बाबा, आज सकाळी सात वाजता मोबाईल दुकानवाल्याचा फोन आला नाही, तर मला चैनच पडेना. दहा दिवस हा माणूस रोज सातच्या ठोक्याला फोन करून राह्यला होता. मी चहाची कपबशी तोंडाला लावली की वाजलाच. शेवटी मीच लावला. तर म्हणतो कसा, "अवो ताई, पोरगी मस्त खेळून राह्यली, आता काय इचारू तुमाले?" मी मोठ्यानं हसले. आणि हसता हसता तुमची अशी आठवण आली, की उपकेंद्राचं कुलूप काढायचं सोडून पायरीवरच बसले आणि जुन्या फॉर्मांच्या पाठकोऱ्या बाजूवर हे लिहायला घेतलं. तुमची लेक आता बाजारहत्नूरकडच्या गावांत लेकरांना लसी टोचत फिरते. तुमी गेल्यावर मी नर्स झाले, म्हणून तुमाला हे ठाऊक नाही. ठाऊक असतं तर पोट धरून हसला असता.

काऊन हसला असता, ते तुमी विसरला असाल, मी नाही. नेरडीगोंड्याजवळचं आपलं घर. मी आठ वर्षांची आहे, भाऊ दोन महिन्यांचा, आईनं नुकताच पाजून तुमच्या मांडीवर दिलेला. तुमी ओसरीवर बसून बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधता आहात, मांडी जराही न हलवता. तेवढ्यात निळी पेटी खांद्याला लावून नर्सअम्मा येते, तेलगू बाई, मराठी तोडकंमोडकं समजणारी. तिच्यासोबत मंडल ऑफिसातला एक जण, छाती काढून. आल्या आल्या म्हणतो, "सरकारचा हुकूम हाये. पोराले टोचून घ्या, नाईतं राशन बंद." तुमी मेथीवरून मान वर केली नाही. "हुकूम कागदावर हाये साहेब, पोट्टं माह्या मांडीवर हाये." गेल्या खेपेला शेजारच्या लेकराला सुई दिली, त्याची मांडी सुजली, दोन दिवस ताप, आई रडून बेजार, आणि टोचणारे जीपमधून केव्हाचेच निघून गेलेले. तेच तुमच्या डोक्यात बसलं होतं. "मी नाई म्हनत नाई, बाई," तुमी नर्सअम्माला म्हणालात, "पन ताप आला त कोनाले पुसू? जीपच्या धुराले?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळी गल्ली जमलेली, त्यात माझ्या वर्गातल्या दोन पोरी. मी पुढं होऊन नर्सअम्माला म्हटलं, "आमचे बाबा अडानी हायेत, तुमी टोचा." म्हटलं आणि जीभ चावली. वाटलं, आता बसतेच गालफडात. तुमी मात्र जुडीला गाठ मारली, ती बाजूला ठेवली आणि म्हणालात, "अडानी हाव म्हनूनच इचारतो, माय. शाना असतो त गप बसलो असतो." ऑफिसवाला खो खो हसला. नर्सअम्मा हसली नाही. तिनं पेटी सावलीत ठेवली, पायरीवर टेकली आणि म्हणाली, "सरे, ठीक है. पूछो."

मग तुमी विचारलंत, बापा रे! सुईत काय हाये, कोन्या रोगाची हाये, ताप काऊन येते, किती येते. ती हिंदी-तेलगू मिसळून सांगत होती आणि आई मध्ये मध्ये अर्थ लावत होती. शेवटी तुमी अट घातली. "पह्यले गावातलं काम उरकून या. मंग माह्या पोराले टोचा. अन् सांजंवरी इथंच बसा. ताप तुमच्या डोळ्यासमोर येऊ द्या." ऑफिसवाला म्हणाला, असं कुठं असतं का. नर्सअम्मा म्हणाली, "बैठती मैं."

आणि गावातलं उरकून आली, भावाला टोचलं आणि खरंच बसली हो! तिनं आपल्याकडं भाकर आणि वांग्याची भाजी खाल्ली, मेथीच्या जुड्या बांधायला लागली, तर तुमी तिच्या दोन जुड्या सोडून पुन्हा बांधल्या, बारीक होतात म्हणून. उन्हं उतरल्यावर भावाला ताप आला, तेव्हा तुमचा चेहरा उतरला. तिनं गोळीचा चतकोर तुकडा पाण्यात विरघळवून पाजला, आईनं गुंडाळलेलं गोधडं काढून टाकलं, कोमट पाण्याची फडकी फिरवली. घटकाभरानं तो घामेजला, दूध प्यायला आणि नर्सअम्माच्या पांढऱ्या साडीवर धार सोडून दिली. तुमी असे हसलात, की खोकला आला. मग गाडी जुंपून तिला तुमी स्वतः हायवेच्या फाट्यावर सोडून आलात, सोबत पिशवीभर वांगी. पुढच्या खेपेपासून लस आपल्याच ओसरीवर, आणि लेकराला घेऊन कोणी मागं राहिलं की त्याच्या दारात जाऊन बोलावणारे तुमीच.

आता या दुकानवाल्याचं ऐका. पोरगी नऊ महिन्यांची, गोवराची सुई राहिलेली, आणि पलीकडच्या वस्तीत गोवर निघालेला. मला झोप लागेना. हा आपला मोबाईलवर कसले कसले व्हिडिओ बघून ठाम नाही म्हणून बसलेला. आमच्या वरच्या सुपरवायझर बाई म्हणाल्या, शाळेत नाव घालणार नाही म्हणून दम द्या. माझीही जीभ शिवशिवत होती, तुमचीच लेक मी, राग नाकावर. पण त्याच्या दुकानात शिरले, तर पोरगी त्याच्या मांडीवर, आणि तो एका हातानं काचेवर फोन जोडून राह्यला, मांडी जराही न हलवता. माझा सगळा दम घशातच राहिला. मी स्टूल ओढलं आणि म्हटलं, "लेकरू तुमचं, मर्जी तुमची. इचारा काय इचारायचं ते."

त्यानं दोन तास खाल्ले. एका प्रश्नाचं उत्तर मला येईना, तसं सांगितलं आणि त्याच्यासमोरच डॉक्टरला फोन लावला. बहुतेक त्यानंच तो विरघळला. दुसऱ्या दिवशी गाडीवर बायकोला आणि पोरीला घेऊन आपणहून हजर. पोरीला नवा फ्रॉक, गालाला काजळाचं बोट. टोचल्यावर दुकानवाला उपकेंद्रातून हलेचना. मी म्हटलं, "दादा, या सुईचा ताप आलाच तर आठवड्यानं येते." तर म्हणाला, "मंग मी रोज फोन करतो." आठव्या दिवशी ताप आला, मी गेले, दोन दिवसांत उतरला. काल पोरीनं माझं नाक धरलं. एवढा आनंद मला नोकरीची ऑर्डर आली तेव्हाही झाला नव्हता, बाबा.

हे कागद कुठं धाडायचे? राहतील माझ्या रजिस्टरमध्ये. पण एक गोष्ट मी कोणाला बोलले नाही, ती तुमाला सांगते. माझ्या स्वतःच्या लेकाची दीड महिन्याची सुई होती, तेव्हा माझा हातच चालेना. गावभरची पोरं टोचणारी मी! शेवटी दुसऱ्या सिस्टरनं टोचलं आणि मी तिला चहाला म्हणून घरी आणलं. मग पोहे केले. मग साड्या दाखवल्या. मग लग्नाचा अल्बम काढला. दिवस मावळला, लेकाला जरासा ताप येऊन उतरला, तेव्हा कुठं बिचारीची चप्पल सापडली. ती मीच पलंगाखाली सारली होती.