बदल मी केला होता

मी, डोरिका लिकाकू, वय एकोणसत्तर, अविवाहित, राहणार झोम्बा, मलावी, कॉलेजच्या संगणक विभागातून निवृत्त, पूर्ण शुद्धीत हे लिहीत आहे. अक्षर बिघडलंय, डोकं नाही. माझ्यावर कोणी दडपण आणलेलं नाही. दडपण आणायला घरात दुसरं माणूस लागतं. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. घर, परसातली आंब्याची झाडं आणि बँकेतली शिल्लक भाची लुसुंगू हिला. ती न्चेऊला नर्स आहे. नाताळला येते, दुसऱ्या दिवशी जाते. तिने घर विकलं तरी माझी हरकत नाही.

२. तारांची पक्कड आणि तपासणीची यंत्रं कॉलेजला. शिलाई मशीन चर्चच्या महिला मंडळाला, मात्र अध्यक्षबाईंच्या घरी नेऊ नये. त्यांनी नेलेली माझी इस्त्री अजून यायची आहे.

३. या कलमात पुढची खोली व अर्धं परस श्री. वायसन चिपोफ्या यांना दिलं होतं. ते काढून टाकलं आहे. कारण लिहिणं भाग आहे.

२००३ साली कॉलेजकडे इंटरनेटसाठी डिशची एकच अरुंद लाइन होती. दुपारी विद्यार्थी एकदम बसले की ती तुंबायची आणि माहितीची पाकिटं वाटेतच फेकली जायची. मी आमच्या सर्व्हरवर एक नवी सोय सुरू केली. पाकिटाच्या कोपऱ्यात खूण जायची: पुढे गर्दी असेल तर फेकू नका, मला कळवा, मी वेग कमी करते. लाइन सुधारली. प्राचार्यांनी भर सभेत माझं नाव घेतलं.

त्याच दिवसापासून टेकडीखालच्या मिशन इस्पितळाशी आमचा संपर्क तुटला. आमच्या प्रयोगशाळेतून रक्ताचे निकाल तिकडे जाईनात. तिकडची यंत्रणा वायसनकडे होती. आम्ही दोघं रोज दुपारी एकत्र मक्याच्या पिठाचा न्सिमा खायचो. मला त्याच्याइतकं जवळचं दुसरं कोणी नव्हतं.

तो धावत आला. "माझी फायरवॉलची पेटी चार वर्षं बिनतक्रार चालतेय. तू काय बदललंस?"

"काही नाही."

"डोरिका, नीट आठव."

"सगळं जग मला उत्तर देतंय, वायसन. फक्त तुझं इस्पितळ गप्प आहे. मग दोष कुणाचा?"

मला आठवत होतं. सोय बंद करायला सांगतील, ही भीती होती. चौकशीत मी लिहून दिलं: दोष इस्पितळाकडे, देखभालीत हलगर्जी. त्याची नोकरी गेली, इस्पितळाचं घर गेलं. नव्या माणसाने नवी पेटी बसवली आणि संपर्क सुरू झाला. जुनी पेटी भंगारात टाकायला माझ्याकडे आली. मी ती टेबलावर जोडून पाहिली. खूण असली की पेटी गप्प. खूण काढली की लगेच उत्तर. तिच्या जुन्या नियमाप्रमाणे तो कोपरा कोरा हवा होता. भरलेला दिसला की ती पाकीट टाकून द्यायची, कळवायचीही नाही. पेटी जुनी होती, हे खरं. पण मी 'काही नाही' म्हणाले नसते, तर तासाभरात तोडगा निघाला असता. त्याच आठवड्यात माझं बढतीचं पत्र आलं होतं. मी पेटी भंगारात दिली.

त्यानंतर बावीस वर्षं मी एकटी जेवले.

गेल्या महिन्यात बालाकाला गेले. तिथे वायसनचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे.

"या, लिकाकूबाई. बसा."

मी सगळं सांगितलं. तो रेडिओतल्या तारांना डाख देतच राहिला.

"मला ठाऊक आहे. पेटी बदलली आणि सुरू झालं, तेव्हाच कळलं."

"मग भांडायला का नाही आलास?"

"तुम्ही याल म्हणून थांबलो होतो. वर्षभर थांबलो. मग सवय मोडली."

मृत्युपत्रात लिहिलेली खोली आणि अर्धं परस मी देऊ केलं.

"नको. इस्पितळाच्या कागदावर अजून माझ्या नावापुढे हलगर्जी लिहिलंय. खरं काय ते लिहाल?"

"लिहीन."

"मग साक्षीला मी येतो. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"म्हणूनच येतो."

आज तो आला आहे. मी उसिपा मासा रांधला होता. तो बालाकाहूनच जेवून आला. व्हरांड्यात बसला आहे, मी लिहिलेलं एकेक पान वाचून खाली ठेवतो आहे. या कलमाची प्रत मी मरण्याची वाट न पाहता आजच इस्पितळाला द्यावी.

४. माझी निधनवार्ता रेडिओवर द्यावी. बालाकापर्यंत ऐकू जाते.

सही: डोरिका लिकाकू
झोम्बा, ९ सप्टेंबर २०२५

दोघा साक्षीदारांसमक्ष सही केली:

एस्तेरी काम्बवा, शेजारीण.

वायसन चिपोफ्या, बालाका. मजकूर वाचला. बरोबर आहे. तीनची मिनीबस आहे, निघतो.