दिवेलागणीचा नमस्कार

चि. सई,

शार्दूलशी लग्न होऊन तू घरात आलीस त्याला आज नऊ दिवस झाले. पहिल्या संध्याकाळी देवापाशी दिवा लावून तू माझ्या पाया पडलीस आणि तुझा हात डाव्या पायावर थबकला. तो पाय फायबरचा आहे. खरा दोन वर्षांपूर्वी शुगरमुळे गुडघ्याखाली कापावा लागला. शार्दूलने तुला सांगितलं असेल असं वाटलं, असं मी सगळ्यांना सांगते.

तेव्हापासून तू फक्त उजव्या पायाला हात लावतेस. कीव येते की किळस, ते मला कळत नव्हतं. आज शुक्रवार, निजामपुऱ्यातले कापडाचे लूम बंद, त्यांची खडखड नाही, म्हणून भिंतीपलीकडचा तुझा आवाज ऐकू आला. फोनवर आईला म्हणालीस, "यांनी मला फसवलं."

खरं आहे. तुला बघायला आलो तेव्हा तुझ्या आईने माझ्या चालण्याबद्दल विचारलं होतं. गुडघेदुखी आहे असं मीच सांगितलं. शार्दूललाही मीच गप्प बसवलं.

हे पत्र मी तुला देणार नाही. कागदावर माफी मागणं फार सोपं आहे. आता दिवे लागतील. मी पाय काढून पलंगाखाली ठेवलाय आणि साडी वर घेऊन बसलेय. वाकायचं की नाही, ते तू ठरव.

तुझी सासू,
अनसूया