वाकळ कुणी नेली

१४ जानेवारी २००१
जावयांनी विम्याची डायरी दिली. म्हणाले, आई, रोज चार ओळी लिहा, अक्षर सुधारेल. चौथीनंतर पेनाला हात लावला नव्हता. पण मी आता आजी होणार. संगीला सातव्यात बाळंतपणाला आणली, आता आठवा चालू आहे. संगी म्हणजे संघप्रिया, माझी मुलगी. हे मला माहीत आहे, पण डायरीला नसेल.
ठरवलं ते असं. संगीला पोटभर खायला घालायचं. तिला धीर द्यायचा. माझ्या बाळंतपणाची गोष्ट एकदाच सांगायची. पारूवन्संच्या वाकळीचा विषय काढायचा नाही.

१५ जानेवारी
गोष्ट सांगितली. सांगावीच लागते, पहिलटकरणीला काय माहीत असतं. माझी आई तेव्हा आजारी, म्हणून संगीच्या वेळी मी सासरीच बाळंत झाले, वडगावजवळच्या गावात. घरात चिमणाबाई सुईण, बाहेर हे. दोन तासांत मोकळी. ओरडले नाही, रडले नाही, काही घाण नाही. चिमणाबाई म्हणाली, बाई असावी तर अशी. म्हणजे तिच्या तोंडावर तसंच होतं.
मग वाकळीचा विषय आपोआप निघाला. माझ्या आईनं नऊ जुन्या लुगड्यांची वाकळ शिवून धाडलेली. तीवरच संगी झाली. दुसऱ्या दिवशी बघते तर वाकळ गायब. घरात परकं कोण, तर नणंद पारूवन्सं. तिसऱ्या दिवशी त्या हातकणंगल्याला सासरी गेल्या, तेव्हा बोचकं चांगलं फुगलेलं होतं. मी काही म्हणत नाही. फक्त लग्नाकार्यात भेटल्या की विचारते, वन्सं, थंडीला पांघरूण हाय न्हवं.
हे उठून बाहेर गेले. वाकळीचा विषय निघाला की ह्यांना बाहेर काम निघतं. बहिणीची बाजू, दुसरं काय.

१६ जानेवारी
गोष्ट परत सांगितली. संगीला नीट कळली नसावी असं वाटलं.

२२ जानेवारी
संगी भाजी निवडत होती. मान खाली घालून विचारलं, "आई, कळा देताना ते होतं का गं?"
ते म्हणजे ते. मी काही लाजणारी बाई नाही, पण डायरीत कशाला लिहायचं.
तिला मैत्रिणीनं सांगितलंय म्हणे. ह्या पोरी शिकून शिकून एकमेकींना हेच सांगतात. शिवाय राजारामपुरीतल्या आपल्या दवाखान्यात शालू सिस्टर आहे, तिची मुलगी संगीच्या गणिताच्या क्लासला येते. संगी म्हणाली, तिच्यासमोर तसलं झालं तर क्लासात तोंड कसं दाखवू.
मी तिला धीर दिला. म्हटलं, आपल्यात तसलं होत नाही. मला तर मुळीच झालं नाही.
संगी परत भाजी निवडायला लागली. पटलं असणार. रात्री अर्धीच भाकरी खाल्ली. गॅस झाला असेल.

२ फेब्रुवारी
संगीचं खाणं कमी. बोकडाच्या पायाचा रस्सा केला, दोन चमचे घेतले. डिंकाचे लाडू संपतात तेवढं बरं म्हणून मी परत केले. आज ह्यांना पिठाच्या डब्यामागं अकरा लाडू सापडले. हे म्हणाले, पोरगी उपाशी ऱ्हातीया, का ते इचार. म्हटलं, मला सगळं माहीत आहे. ह्यांची तीस वर्षं एसटीच्या डेपोत बसखाली गेली. बाईमाणसाचं ह्यांना काय कळणार.

६ फेब्रुवारी
दवाखाना. अनुजा मॅडमनी वजन केलं. वाढलंच नाही. मॅडम संगीवर रागावल्या आणि तिला रक्त तपासायला आत पाठवलं. मी ठरवूनच गेले होते की आज सरळ विचारायचं, त्यात लाजायचं काय.
सरळ विचारलं. म्हटलं, मॅडम, आमच्या शेजारी एक बाई हाय, तिला एक शंका हाय.
मॅडमनी ऐकलं. म्हणाल्या, शेजारणीला सांगा, पुष्कळ जणींना होतं. बाळाचं डोकं खाली दाबतं तर दुसरं काय होणार. उलट जोर बरोबर जागी लागतोय असं समजायचं. सिस्टर पुसून घेते, पुढच्या मिनिटाला कुणाच्या लक्षातही राहत नाही. मग विचारलं, शेजारणीचं वय काय. माझ्या तोंडून गेलं, पन्नाशीची हाय. मॅडम बराच वेळ माझ्याकडं बघत होत्या.
संगीला सांगितलं नाही. सांगितलं तर ती म्हणणार, मग तुलाच कसं झालं नाही. नसत्या चौकशा.

२० फेब्रुवारी
आता नुसता चहा आणि खिमटाचं पाणी. आज चिडूनच विचारलं तेव्हा बोलली, पोटात काही नसलं तर काही होणार नाही. असं आहे होय. ही गणिताची मास्तरीण, आणि हे तिचं गणित.
म्हटलं, बाळाला काय देशील मग. तर म्हणते, "आई, तुझ्यासारखं नाही जमायचं मला."
भिंतीला टेकून बसली होती. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत जात होत्या.
उद्या तिला खरं सांगायचं. म्हणजे मॅडमचं.

२१ फेब्रुवारी
पाहुणे आले. जमलं नाही.

२२ फेब्रुवारी
तिचं डोकं दुखत होतं.

२३ फेब्रुवारी
माझं दुखत होतं.

२७ फेब्रुवारी, दुपारी ४
नात झाली. नात. दोन किलो चारशे. कान माझे.
आता नीट लिहिते. पहाटे पाचला संगीच्या पोटात कळा सुरू झाल्या. रिक्षानं दवाखाना. मी अगदी शांत होते, फक्त दोन वेगळ्या चपला घालून गेले होते. हे आणि जावई बाकड्यावर. अकरा वाजता अनुजा मॅडम बाहेर आल्या. म्हणाल्या, पिशवीचं तोंड उघडलंय, पण मुलगी जोर लावत नाही, आवळून धरतेय. अंगात ताकद नाही, बाळाचे ठोके कमी होताहेत. दहा मिनिटं बघते, नाहीतर सिझर. तिची आई कोण, आत या.
आत गेले. संगी पांढरीफटक. ओठ दाबलेले, मांड्या आवळलेल्या. पायाशी शालू सिस्टर. संगी मला म्हणाली, आई, मला ते होणार, तिला बाहेर पाठव.
मी तिच्या कानाला लागले. "संगे, मला झालतं. समद्या वाकळीवर. चिमणाबाईच्या हातावर बी. त्याच्या मागनं तू आलीस."
तिनं डोळे उघडले. अशा कळांत कुणी हसतं का, पण हसली. म्हणाली, "खोटारडे." आईला कुणी असं बोलतं का. आणि मग तिनं माझा हात धरून असा जोर लावला की माझ्या हाताची नखं अजून निळी आहेत.
ते झालं. शालू सिस्टरनं कपाळाचा घाम पुसावा तसं पुसलं आणि म्हणाली, मॅडम, डोकं दिसतंय.
अकरा चाळीसला नात.
लेकीसाठी आईला असं खोटं रचावं लागतं. मला ऐनवेळी सुचतं, हा माझा गुणच आहे. वाकळीचं तर किती खरं वाटलं.

५ मार्च
चिमणाबाई वडगावहून मुद्दाम नातीला न्हाऊ घालायला आली. पंचाहत्तरीची, पण पाय लाकडासारखे घट्ट. विहीणबाई आलेल्या, जावई दारात. चिमणाबाईनं नातीला पायांवर घेतलं, तेल चोळलं, आणि नातीनं तिच्या हातावरच केलं. झालं. चिमणाबाई सुरू.
"आज्जीवर गेलीया. तानानं बी माझ्या हातावरच केलतं. आन आरडत हुती ती गावच्या येशीपतोर ऐकू जात हुतं. नवऱ्याला शिव्या घातल्या त्या न्याऱ्याच." ताना म्हणजे मी, हे डायरीला सांगायचं राहिलं.
जावई स्कूटर बघायला गेले. विहीणबाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या आणि स्वतःचं त्याहून भारी सांगायला लागल्या. संगी दोन भाकऱ्या खाऊन तिसरी मोडत होती. माझ्याकडं बघतच राहिली.
चिमणाबाईनं हजारभर बाळंतपणं केली. त्यातलीच दुसरी कुणी तिच्या डोक्यात असणार. वय झालं बिचारीचं.

६ मार्च
सकाळी दोरीवर नातीची दुपटी वाळत होती. मी धुतली नव्हती. मोरीत बघितलं तर हे. बाही वर करून एक दुपटं पिळत होते.
म्हटलं, चिमणाबाई काल काय बरळत होती ऐकलं का.
हे म्हणाले, खरं हाय की ते.
ह्यांनी दुपटं झटकलं. म्हणाले, "वाकळ मीच नेलती. पहाटंचं वड्याला, धुवाय. जुनी शिवण, उसवली. निम्मी वाहून गेली, निम्मी मातीत पुरली. तुला लाज वाटंल म्हणून बोललो न्हाय."
म्हटलं, आणि मी पारूवन्संना बोलायची ते.
"पारूला म्हाईत हाय की. साबण तिनंच दिलता."
आणि दुसरं दुपटं घेतलं.
चोवीस वर्षं. तीन लग्नं, दोन बारशी, एक मयत. मयतीतसुद्धा मी विचारलं होतं, पांघरूण हाय न्हवं. वन्सं दर वेळी म्हणायच्या, हाय की वैनी.

६ मार्च, संध्याकाळी
मला हगायला झालतं. लिहून टाकलं.
उद्या सकाळच्या एसटीनं हातकणंगल्याला जायचं. बारशाचं आमंत्रण पारूवन्संना पहिलं. बाकी काय बोलायचं ते गाडीत ठरवते.
साबण घेऊन जावं का.