सत्तावीसचं काळं कोकरू

१२ फेब्रु. ९५
फरीदाबादला बसमधून उतरून फार्मपर्यंत चालत. वाटेत नव्या कॉलनीचा बोर्ड, त्यावर स्विमिंग पूलवाली बाई रंगवलीय. बघत राहिले, उशीर झाला. मावशी म्हणते, "कॉलेज सोडलंस, टायपिंग सोडलंस, मेंढ्या बऱ्या सुटत नाहीत गं!" तिसरं वर्ष. पण सत्तावीस नंबरला मी बाटलीने दूध पाजून वाढवलंय. आता कळपातला सगळ्यात बारीक लोकरीचा मेंढा. यंदाची कोकरं त्याचीच.

१९ फेब्रु.
नव्वद नंबरची मेंढी व्याली. कोकरू काळं कुळकुळीत.
फार्मच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं: पांढऱ्या जोडीला काळं झालं तर दोष दोघांच्या रक्तात. दोघंही बाद. बाद म्हणजे खाटीक. काळ्या केसावर रंग चढत नाही, अख्खी लोकर नापास.
मेंढ्या राखणारे रामफलचाचा म्हणाले, "बिटिया, मैं घर ले जाता हूँ. किसने देखा?"
फार्मच्या नोंदवहीत लिहिलं, मेलेलं जन्मलं. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं.

२ मार्च
डॉक्टर वही बघून खूश. "सत्तावीसमध्ये खोट नाही!" निवडक तीस मेंढ्यांत त्याला सोडलं. त्याच्या छातीला गेरू लावायचं काम माझं, म्हणजे कुठली मेंढी लागली ते पाठीवर दिसतं. माझा कुर्ताही लाल केला त्याने. तेव्हाच सांगायचं होतं, पण

२४ मार्च
उशिराची एक व्याली. पुन्हा काळं. डॉक्टर समोरच. वही मागे उलटत गेले, नव्वदपाशी थांबले.
"ते मेलेलं कुठल्या रंगाचं होतं?"
"काळं. जिवंत आहे. चाचांकडे."
"अगं, तीस मेंढ्या! सहा वर्षं निवडून तयार केलेल्या. आता त्यांचं एकही कोकरू पैदाशीला ठेवता येणार नाही."
ओरडले असते तर बरं झालं असतं.

२६ मार्च
डॉक्टरांना विचारलं, सत्तावीस खच्ची करून नुसता लोकरीसाठी ठेवला तर? "मालकांना विचारतो. हो म्हणतील असं समजू नकोस." मावशीने ताट वाढलं, तसंच झाकून ठेवलं.

२९ मार्च
नव्वद सकाळीच खाटकाच्या टेम्पोत चढली. सत्तावीस दुसऱ्या कुणाच्या मागे येत नाही, म्हणून मलाच आणायला लावलं. आला, मुकाट. दावं मनगटाला गुंडाळून उभ्या उभ्या लिहितेय. डॉक्टर आत मालकांना फोन लावताहेत. "लगा क्या?" चाचा तिसऱ्यांदा विचारताहेत. टेम्पोवाल्याने फळी खाली टाकलीय.