पेडलवरचा पाय

नवीन पनवेल,
रविवार, १८ जानेवारी २०२६

प्रिय रोशनी,

अनेक आशीर्वाद. तुम्ही दोघं बरी असाल. हे पत्र प्रितेश घरात असताना वाच, एवढं माझं ऐक. फोन केला नाही, कारण फोनवर तू रडायला लागतेस आणि मी "असू दे गं, असू दे" म्हणत राहते. लिहिताना तरी मला तसं करता येणार नाही.

आईंना जाऊन वर्ष व्हायचंय, म्हणून यंदा संक्रांत केली नाही, तिळगूळही पाठवला नाही. समृद्धीची बारावीची प्रीलिम चालू आहे. तू पाठवलेल्या लॅपटॉपच्या स्टँडवर तिने पुस्तकं रचून ठेवलीत, लॅपटॉप मांडीवर. तुझ्या दादाला बंदरात पुन्हा सकाळची पाळी मिळाली. परवा मोरा गावाहून गोदूबाईमावशी करंदीची सुकी मासळी घेऊन आली होती. आईंच्या खोलीत जाऊन पलंगावर बसली आणि म्हणाली, "चंद्रावती नाय तं घर कसा मोकला लागतंय." मग मलाच म्हणाली, "तू लय केलंस गो तिचा." मी चहा टाकायला म्हणून उठले.

प्रितेशचा दादाला फोन आला होता. तू घरातले सगळे हेडफोन गोणीत भरून भंगारवाल्याला दिलेस म्हणे. ऑफिसच्या मीटिंगलाही कानाला काही लावत नाहीस. आणि आता नोकरी सोडतेयस, महिनाअखेर शेवटचा दिवस. "ज्या वस्तूने आई गेली, तिची माहिती लिहून मी लोकांना विकू कशी?" असं म्हणालीस. दादा हे मला सांगत होता आणि मी भांडी विसळत होते. तेच ताट किती वेळ विसळत होते, ते त्यानेच नळ बंद केला तेव्हा कळलं.

बारा वर्षं झाली तुझ्या नोकरीला. कंपनीत काही नवीन आलं की वापरून बघायला एक माझ्याकडे यायचं. "वैनी, चार दिवस वापर आणि खरं खरं सांग." उभा धरायचा माऊस, बटणं न वाजणारा कीबोर्ड, बटाट्याएवढा स्पीकर. आईंना प्रत्येक खोक्याचं कौतुक. पायाने चालवायचं ते पेडल आलं, तेव्हा त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "शिवनाची मशिन घेतलीस का गो? पाय मारतंस, कापड तं दिसत नाय." मी त्यांना समजावलं. लोकांच्या मीटिंगा ऐकून टाइप करायच्या असतात, दोन्ही हात कीबोर्डवर अडकलेले. पाय दाबला की माणसं बोलायला लागतात, पाय उचलला की गप्प. त्या म्हणाल्या, "माज्यासाठी पन एक आन. तुजे नवऱ्याला बसवू त्यावर."

आणि मागच्या संक्रांतीला तो हेडफोन. लोक वाण म्हणून डबे देतात, तू बाहेरचा आवाज बंद करणारा हेडफोन दिलास. तो लावला की कुकरची शिट्टी नाही, विमान नाही, वरच्या मजल्यावरचं ड्रिल नाही. आई म्हणायच्या, "बैलाच्या डोल्यांना झापडं, आमच्या सुनंच्या कानाला." त्यांच्याही हाका मला ऐकू येत नसत. मग त्या काठी टेकत येऊन खांद्याला हात लावायच्या. गुडघे दुखत असताना यावं लागायचं, तरी त्यावरून कधी बोलल्या नाहीत.

आता मे महिन्यातला तो मंगळवार.

तुला माहीत आहे ते असं. समृद्धी क्लासला, दादा ड्युटीवर. मी कामाला बसलेले, आई बाथरूममध्ये पडल्या, मला ऐकू आलं नाही. काम संपवून उठले तेव्हा पाऊण तास झाला होता. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू, त्यात डोक्याला मार. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर. तू पुण्याहून थेट आलीस, ऑफिसचं ओळखपत्र गळ्यातच होतं. तू विचारलंस, "वैनी, तुला ऐकू कसं नाही आलं?" तू ओरडली नव्हतीस. साधं विचारलंस. मी म्हणाले, "कानाला हेडफोन होता ना, तू दिलेला."

"तू दिलेला" हे मला कुणी विचारलं नव्हतं. ते माझं मी घातलं. तुझा चेहरा उतरलेला मी बघितला आणि मला बरं वाटलं, रोशनी. तेवढ्या क्षणापुरतं, पण वाटलं. कारण त्यानंतर कुणी माझ्याकडे बघितलंच नाही. सगळे तुझ्या पाठीवरून हात फिरवायला लागले.

तो हेडफोन त्या दिवशी माझ्या कानाला नव्हता. आदल्या दिवशी चार्ज करायला विसरले होते. तो आतल्या खोलीत वायरला लावलेला होता. मी जुना, वायरचा घातला होता, ज्याचा डावा कान कधीचाच गेलेला. डाव्या कानाला मला घरातलं सगळं ऐकू येत होतं. पंख्याचा आवाजसुद्धा.

सकाळपासून त्यांनी सात-आठ हाका मारल्या होत्या. "माजा चष्मा कुठं हाय गो?" चष्मा डोक्यावर. "नीता, खाली कोन आलाय बग." खाली कुणी नाही. दर वेळी मी उठले. एक वाजेपर्यंत फाइल द्यायची होती, आणि साडेअकराला पुन्हा हाक आली. "नीता." मी पाय उचलला. मीटिंगमधली माणसं गप्प झाली. काही पडल्याचा आवाज मी ऐकला नव्हता, हे खरं आहे, पण त्याचा आता उपयोग नाही. मी "आले" म्हणाले आणि पाय परत ठेवला.

दुसऱ्यांदा हाक आली, "नीता, जरा ये गो." पुन्हा पाय उचलला. मी आठ महिने स्वतःला सांगत होते की ही हाक रोजच्यासारखीच होती. नव्हती. आवाज घुमत होता. आपल्या घरात फक्त बाथरूममधला आवाज घुमतो. मला ते कळलं होतं. साबण हवा असेल, टॉवेल हवा असेल, असं मी मनाशी म्हणाले. म्हणजे आवाज कुठून येतोय ते माहीत असल्याशिवाय मला टॉवेल सुचला नसता.

आणि मी पाय ठेवला.

तुझ्या वस्तूत काही दोष नव्हता. तू दिलेला हेडफोन मी लावला असता, तर आज मला हे लिहावं लागलं नसतं आणि माझं म्हणणं खरं ठरलं असतं. तू काही केलेलं नाहीस. उद्या सोमवार आहे, कुरिअर मंगळवारी तुला मिळेल. मिळाल्यावर ऑफिसात जा आणि राजीनामा मागे घे. हे मी तुझ्यावर उपकार म्हणून सांगत नाही. आठ महिने माझी वस्तू तू वाहतेयस, ती खाली ठेव, एवढंच.

दादाला अजून सांगितलेलं नाही. आज संध्याकाळी सांगणार आहे. तो काय म्हणेल ते मला माहीत नाही, आणि तू मध्ये पडू नकोस. समृद्धीची परीक्षा शुक्रवारी संपते. तिला त्यानंतर.

तू येशील तेव्हा तुला विचारायचं ते विचार. "असं का केलंस" म्हणून विचारशील. कामाची घाई होती असं मी सांगेन, आणि ते अर्धंच असेल. उरलेलं तोंडाने निघणार नाही, म्हणून इथेच लिहिते.

तिसरी हाक आली होती. मी पाय उचलला होता. आवाज बारीक झालेला. या वेळी त्यांनी माझं नाव घेतलं नाही. "रोशने," म्हणाल्या. "ए रोशने."

मला राग आला. अकरा वर्षं त्यांचं सगळं मी करते आणि हाक लेकीला. मग लेकीनेच यावं पुण्याहून, असं माझ्या मनात आलं. अगदी याच शब्दांत आलं. मी पाय दाबला, आणि काम संपेपर्यंत उचलला नाही.

ती हाक तुझी होती. आठ महिने मी ती कुणाला दिली नाही. आता तुझ्याकडे देते.

तुझ्या आईची सून,
नीता